सोनाका, मळी आणि आंबट जिवाणू

निफाड तालुक्यात माझ्या मामांची द्राक्षबाग आहे आणि मी नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गेल्या माघात, घड उतरायला आले होते तेव्हा, बागेतून चालता चालता मामांनी विचारलं, "तुम्ही म्हणे जंतूंचे वाण सुधारता. पण जंतूला ना काडी, ना खुंट, ना डोळा. मग सुधारता ते काय आणि कसं?"

मी त्यांना त्यांच्याच सोनाकाच्या ओळीपाशी नेलं. सोनाका हा थॉम्पसन सीडलेसचाच पोटचा वाण. थॉम्पसनमध्ये निसर्गतः झालेला एक बदल सोलापूरजवळच्या नान्नजचे बागायतदार नानासाहेब काळे यांनी हेरला, जपला आणि त्याची लागवड वाढवली. मणी लांब झाला आणि बाजारात त्याला वेगळं नाव मिळालं. वेलीवरच्या एखाद्या डोळ्यातल्या पेशीत काहीतरी बदलतं, त्या डोळ्यातून फुटलेली काडी इतरांहून वेगळी निघते, आणि काडी लावून केलेलं रोप मूळ काडीची हुबेहूब नक्कल असल्यामुळे तो बदल पुढे टिकतो. असे डोळे प्रत्येक बागेत अधूनमधून फुटत असणार. बहुतेक वेळा फरक वाईट असतो, म्हणून ती काडी छाटणीत जाते, किंवा तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

आम्ही जिवाणूंच्या बाबतीत हेच करतो. बदल आपोआप होण्याची वाट बघत न बसता तो घडण्याचा वेग वाढवतो, आणि मग लाखो-करोडो पेशींमधून हवी ती एक शोधतो. पहिला भाग दहा मिनिटांत उरकतो. दुसऱ्या भागाला महिने लागतात, कधी वर्षंही. लोकांना पहिल्या भागाचं कुतूहल जास्त असतं, किरण सोडले, रसायन टाकलं वगैरे. माझ्या मते खरी कारागिरी दुसऱ्या भागात आहे, म्हणून मी तिथे जास्त रेंगाळणार आहे.

आम्ही ज्यांचे वाण सुधारतो ते जिवाणू सेंद्रिय आम्लं करणारे, म्हणून आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'सेंद्रिय' म्हटलं की रासायनिक खत-औषधाशिवायची शेती आठवते. सेंद्रिय आम्ल या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. कार्बनच्या सांगाड्यावर बांधलेलं आम्ल, एवढाच त्याचा अर्थ. दह्यातलं लॅक्टिक आम्ल, व्हिनेगरमधलं अॅसिटिक, लिंबातलं सायट्रिक, द्राक्षातली टार्टारिक आणि मॅलिक ही सगळी त्यातली. यांतली काही आम्लं कारखान्यात टनावारी लागतात. लॅक्टिक आम्ल खाद्यपदार्थांत, कातडी कमावण्यात, औषधांत जातं, आणि त्याच्या साखळ्या जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचं कुजू शकणारं प्लास्टिकही करतात. १७८०मध्ये कार्ल विल्हेल्म शेले या रसायनशास्त्रज्ञाने ते नासलेल्या दुधातून पहिल्यांदा वेगळं केलं. १८५७मध्ये लुई पाश्चरने दाखवलं की दूध आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव आहेत. १८८१मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिटलटन इथे त्याचं कारखान्यातलं उत्पादनही सुरू झालं. सायट्रिक आम्लाचा मोठा धंदा मात्र काळ्या बुरशीच्या जिवावर चालतो, जिवाणूंच्या नाही, म्हणून ते इथे बाजूला ठेवते.

आता जिवाणूच्या जागी उभं राहून बघा. तो आम्ल आपल्यासाठी करत नाही. त्याला साखर फोडून ऊर्जा हवी असते. एका ग्लुकोजचे दोन तुकडे करताना त्याला एटीपी नावाच्या ऊर्जेच्या नाण्यांची फक्त २ नाणी उरतात. पण या व्यवहारात काही इलेक्ट्रॉन अंगावर राहतात आणि ते कुठेतरी उतरवल्याशिवाय पुढची साखर फोडता येत नाही. दह्यातला जिवाणू ते पायरुव्हेटवर, म्हणजे ग्लुकोजच्या त्या तुकड्यांवर, उतरवतो आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. म्हणजे आम्ल हा त्याचा उकिरडा आहे. आपल्याला तोच उकिरडा हवा असतो. हिशोबही सुंदर आहे. एका ग्लुकोजमधून दोन लॅक्टिक आम्लं निघतात आणि वाटेत काही वाया जात नाही, त्यामुळे १८० ग्रॅम ग्लुकोजमधून कागदावर पूर्ण १८० ग्रॅम आम्ल मिळू शकतं. दारूचं तसं नाही. तिथे कार्बनचा तिसरा हिस्सा वायू होऊन उडून जातो.

अडचण अशी की स्वतःच्या उकिरड्यात कुणालाही फार काळ राहता येत नाही. लॅक्टिक आम्ल पाण्यात दोन रूपांत असतं, फुटलेलं आणि न फुटलेलं. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. पीएच ३.८६ला निम्मं एका रूपात आणि निम्मं दुसऱ्या रूपात. पीएच त्याहून खाली गेला की न फुटलेल्या रूपाचं प्रमाण वाढत जातं. हे रूप पेशीच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतं, आत गेल्यावर फुटतं आणि पेशी आतून आंबायला लागते. मग जिवाणू मिळवलेली सगळी ऊर्जा आत आलेलं आम्ल बाहेर उपसण्यात खर्च करतो. पावसाळ्यात तळघरात पाणी शिरल्यावर सगळं घर बादल्या घेऊन धावतं, बाकीची कामं पडून राहतात, तसं. वाढ थांबते आणि थोड्या वेळाने आम्लही थांबतं. घरच्या दह्यात साधारण एक टक्का आम्ल झालं की गाडी मंदावते, त्यामागचं कारण हेच.

कारखान्यात यावर जुना उपाय म्हणजे टाकीत चुना किंवा चुनखडी टाकत राहणं. आम्ल झालं की चुन्याने मारायचं, म्हणजे जिवाणू काम करत राहतो. शेवटी टाकीत कॅल्शियम लॅक्टेट उरतं. त्यातून आम्ल सोडवायला गंधकाम्ल घालावं लागतं आणि कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसतं. साधं वजन मांडलं तर १८० किलो लॅक्टिक आम्लामागे १७२ किलो जिप्सम निघतं. जवळजवळ मालाइतकाच गाळ! तो उचलायचा, वाळवायचा, कुठेतरी टाकायचा. त्यामुळे थोडं जास्त आम्ल सोसणारा वाण मिळाला तर चुना, गंधकाम्ल, जिप्सम या तिन्हींचा खर्च एकदम उतरतो. कारखानदाराला वाणाकडून आणखीही गोष्टी हव्या असतात. दाट साखरेत दबून जाऊ नये, लॅक्टिकसोबत अॅसिटिक, फॉर्मिक असलं नको ते करत बसू नये, काम लवकर संपवावं, स्वस्त कच्च्या मालावर चालावं. पण आम्ल सोसणं या सगळ्यांच्या मुळाशी आहे.

हा गुण आणायचा कसा? जिवाणूचा सगळा आराखडा डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेला असतो. दह्यातल्या लॅक्टोबॅसिलस बुल्गारिकसमध्ये ही अक्षरं १८ ते १९ लाख भरतात. पेशीची एक होऊन दोन होताना हा सगळा मजकूर उतरवला जातो आणि उतरवताना क्वचित चूक होते. ही चूक म्हणजेच म्युटेशन, मराठीत उत्परिवर्तन. चुका फार थोड्या. ज्याच्यावर सर्वात बारकाईने मोजमाप झालं त्या ई. कोलाय जिवाणूत दर पिढीला हजार पेशींमागे एखाद्या पेशीत नवी चूक सापडते. पण एक मिलीलिटर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात हे लक्षात घेतलं, तर वाटीभर दह्यात दर वेळी किती नवे मजकूर तयार होत असतील बघा.

इथे मामांनी मला अडवलं. "म्हणजे आम्लात ठेवून ठेवून त्यांना सवय लागते, असंच ना?"

हा गैरसमज इतका पक्का आहे की त्यावर थांबायलाच हवं. आपल्याकडे बागायतदार म्हणतात, भुरीला (वेलीवरच्या पांढऱ्या बुरशीला) औषधाची सवय झाली. सवय होत नाही. फवारणीच्या आधीच कोट्यवधी बीजाणूंमध्ये एखादा असा असतो की त्याच्या एका जनुकात औषध बसण्याची जागा थोडी बदललेली आहे. काही बुरशीनाशकांच्या बाबतीत तर एकच बदल पुरतो. बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढच्या हंगामात सगळी बाग त्याच्या पोरांची असते. औषधाने त्याला घडवलं नाही, फक्त त्याची गर्दी कमी करून दिली. साल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३मध्ये हे जिवाणूंवर सिद्ध केलं. कल्पना अगदी साधी होती. एकाच वाणाचे जिवाणू बऱ्याच छोट्या नळ्यांत वेगवेगळे वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडायचा. संकट आल्यावर सवय लागत असेल तर प्रत्येक नळीत साधारण सारखेच वाचायला हवेत. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही आणि एखाद्या नळीत ढिगाने वाचले. त्या नळीत तो बदल आधीच, लवकरच्या एखाद्या पिढीत होऊन गेला होता आणि त्याची प्रजा वाढलेली होती. बदल गरजेपूर्वी येतो आणि गरज ओळखून येत नाही. प्रयोगशाळेत आम्ही जे करतो ते सगळं यावर उभं आहे.

नाशिककरांसाठी यातलं एक उदाहरण अगदी घरचं आहे. वायनरीत, विशेषतः लाल वाइनमध्ये, यीस्टने साखरेची दारू केल्यावर दुसरं एक किण्वन (आंबणं) होतं. द्राक्षातलं मॅलिक आम्ल, कच्च्या सफरचंदाच्या चवीचं, जिभेला टोचणारं, त्याचं मवाळ लॅक्टिक आम्ल होतं. हे काम करणारा जिवाणू ईनोकोकस ईनी. दारू, आम्ल आणि उपासमार असं तिहेरी संकट असलेल्या जागी तो राहतो. त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा दिसलं की डीएनए उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी म्यूट-एस आणि म्यूट-एल ही जनुकं त्याच्याकडे नाहीतच. मुद्रितशोधक कामावरून काढून टाकलेल्या छापखान्यासारखी त्याची गत. त्यामुळे त्याच्यात बदल फार वेगाने होतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तेच मनात घोळत होतं. जे आम्ही किरणांचे दिवे लावून मुद्दाम करतो, ते हा जिवाणू पिंपात बसून करत आलाय.

बाकीच्या जिवाणूंच्या चुका वाढवायला बाहेरून धक्का द्यावा लागतो. क्ष-किरणांनी म्युटेशन वाढतं हे हर्मन म्युलर यांनी १९२७मध्ये फळमाश्यांवर दाखवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शार्लट आउअरबाख यांनी दाखवलं की मोहरी वायूसारखी रसायनंही हेच करतात. आमच्या प्रयोगशाळेत सर्वात सोपं साधन म्हणजे अतिनील किरणांची नळी, पाण्याच्या फिल्टरमध्ये असते तशीच, २५४ नॅनोमीटरची. डीएनए या लांबीच्या आसपासचे किरण भरपूर शोषतो. शेजारी शेजारी असलेली दोन थायमिन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि उतरवून घेणारं यंत्र तिथे अडखळतं. पेशी घाईघाईत डागडुजी करते आणि त्या घाईत अक्षर बदलतं.

कृती थोडक्यात अशी. ऐन वाढीत असलेले जिवाणू घ्यायचे, मिलीलिटरला साधारण १० कोटी, आणि थाळीत पातळ थरात ओतायचे. झाकण काढायचं, कारण साधी काच हे किरण आत जाऊ देत नाही. मग ठरावीक सेकंदांनी थोडा थोडा नमुना काढून किती जगले ते मोजायचं. या मोजणीतून मरणाचा आलेख निघतो. जिथे १०० मागे ९९ किंवा त्याहून जास्त मेले तो वेळ बरेच जण निवडतात. मला स्वतःला थोडा कमी मार बरा वाटतो. फार मारलं की उरलेल्यांच्या अंगावर हव्या बदलासोबत दहा नको ते बदल येतात आणि ते पुढे त्रास देतात.

पुढची पायरी विद्यार्थी हटकून विसरतात. किरण दिल्यावर नळी लगेच काळ्या कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवायची. १९४०च्या दशकाच्या शेवटी अल्बर्ट केल्नर यांच्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. शोध घेता घेता कळलं की दोष उजेडाचा होता. अनेक जिवाणूंकडे फोटोलायेज नावाचं प्रथिन असतं. ते निळसर उजेडाच्या ऊर्जेवर चिकटलेली थायमिनं सोडवतं आणि केलेली मेहनत पुसून टाकतं.

रसायनांमध्ये ईएमएस आणि एनटीजी ही दोन नावं जुनी आहेत. ती डीएनएच्या अक्षरांना छोटे रासायनिक गट चिकटवतात, त्यामुळे 'जी' (G) या अक्षराची जोडी चुकते. काम चोख होतं, पण जी वस्तू जिवाणूचा डीएनए बदलते ती आपलाही बदलते. दोन्ही कर्करोगकारक मानली जातात. पदवीच्या मुलांच्या हाती मी ती कधीच देत नाही. अतिनील दिवासुद्धा डोळे आणि कातडी भाजतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे लागतातच.

इथवर दहा मिनिटं झाली. आता हातात आहेत काही लाख वाचलेल्या पेशी. त्यांतल्या बहुतेकांना काहीच झालेलं नाही, बऱ्याच आजारी आहेत, आणि कुठेतरी एखादी, कदाचित, हवी तशी आहे. एकीला दुसरीपासून वेगळं ओळखण्यासारखं बाहेरून काही दिसत नाही.

घरात धान्य साफ करायच्या दोन रीती आहेत. तांदूळ ताटात पसरून एकेक खडा वेचायचा, ते निवडणं. सुपात घालून वाऱ्यावर फोल उडवायचं, ते पाखडणं. आमच्याकडेही या दोनच रीती आहेत.

निवडण्याची जुनी आणि मला फार आवडणारी युक्ती चुनखडीची. अगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमात, चुनखडीची बारीक पूड मिसळली की थाळी दुधासारखी पांढरी दिसते. त्यावर जिवाणू पातळ करून पसरायचे. प्रत्येक पेशीची एक वसाहत होते, आणि ती आम्ल सोडते तशी आजूबाजूची चुनखडी विरघळून पारदर्शक वलय उमटतं. जास्त आम्ल, मोठं वलय. दोन दिवसांनी थाळी उजेडासमोर धरली की आभाळात खळं पडलेले चंद्रच चंद्र दिसतात. पण नुसत्या मोठ्या वलयाला भुलायचं नाही. समजा एक वसाहत ५ मिलिमीटरची आहे आणि तिचं वलय १५चं. दुसरी २ मिलिमीटरची, वलय १०चं. पहिली डोळ्यात भरते, पण तिची पेशीसंख्याच जास्त आहे. अंगाच्या मानाने दुसरी जास्त आम्ल देते. म्हणून वलयाला वसाहतीने भागायचं. शिवाय आम्ल कुठलं हे वलय सांगत नाही. लॅक्टिक असो की अॅसिटिक, चुनखडीला दोन्ही सारखीच.

एका वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीला असं वलय मिळालं की आम्ही सगळे हरखून गेलो. तीन आठवडे तिने त्या वसाहतीवर घालवले. मग सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसले. लॅक्टोबॅसिलस बीजाणू करत नाही. म्हणजे ती हवेतून पडलेली भलतीच वसाहत होती. चूक तिची नव्हती. पहिल्याच दिवशी काच बघायला मी तिला सांगायला हवं होतं. आता माझ्या वर्गात वलय मोजण्याआधी प्रत्येक वसाहत सूक्ष्मदर्शकाखाली जाते.

वलयावरून वेचलेल्या दोन-तीनशे वसाहती मग छोट्या नळ्यांत वाढवायच्या, कॉस्टिक सोडा आणि फिनॉल्फ्थॅलीनने आम्ल मोजायचं, त्यातून वीस-पंचवीस राखायच्या, त्यांचं एचपीएलसी यंत्रावर कुठलं आम्ल किती ते बघायचं, आणि उरलेल्या चार-पाच मोठ्या भांड्यात, पीएच सांभाळत चालवायच्या. थाळीवर पहिला आलेला भांड्यात कित्येकदा मागे पडतो. थाळीवर प्रत्येकाला मोकळी जागा असते, भांड्यात गर्दी आणि आम्ल दोन्ही असतं.

पाखडण्याची रीत वेगळी. इथे अशी परिस्थिती निर्माण करायची की नको ते आपोआप मरतील आणि हवा तोच उरेल. आम्ल सोसणारा हवा तर कमी पीएचच्या माध्यमावर सगळे पसरायचे. ही उघड पद्धत झाली. पण काही युक्त्या इतक्या चतुर आहेत की त्या कुणाला सुचल्या याचं मला अजून नवल वाटतं. गुरांच्या कोठीपोटात अॅक्टिनोबॅसिलस सक्सिनोजेनेस नावाचा जिवाणू सापडतो. तो सक्सिनिक आम्ल करतो, पण सोबत अॅसिटिकही करतो आणि तेवढी साखर वाया जाते. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याला फ्लोरोअॅसिटेटवर वाढवलं. हे उंदीर मारायचं विष, दिसायला अॅसिटिक आम्लासारखं. ज्या पेशीची अॅसिटेटची वाट मोकळी आहे ती हे विष आपलंच समजून त्या वाटेने आत ओढते आणि मरते. ज्यांची ती वाट म्युटेशनने मोडलेली असते त्या वाचतात. वाचलेल्यांमध्ये अॅसिटिक कमी आणि सक्सिनिक जास्त असे वाण मिळाले. वसाहती मोजायच्या नाहीत, वलयं मापायची नाहीत. विषानेच सगळं सूप पाखडून दिलं.

अशीच युक्ती उलट्या दिशेनेही वापरता येते. फ्रिजमध्ये ठेवलेलं दही दोन दिवसांनी आंबट होतं, कारण बुल्गारिकस थंडीतही हळूहळू आम्ल करत राहतो. नियोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे त्याचे काही म्युटंट (म्युटेशन झालेले वाण) निवडले, तेव्हा त्यांच्यातला आम्ल उपसणारा पंप कमजोर निघाला. पंप कमजोर म्हणून ते आम्लात लवकर थकतात आणि दही जास्त आंबत नाही. इथे बिघाड हाच गुण ठरला. मात्र खाण्याच्या जिवाणूत प्रतिजैविकाला दाद न देण्याचा गुण कसा आला आहे, तो दुसऱ्या जंतूकडे जाऊ शकतो का, हे तपासल्याशिवाय असा वाण बाजारात नेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता मळीकडे येते, कारण मामांच्या शेजारच्या शिवारात ऊस आहे. साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी म्हणजे निम्मी साखरच. तिच्यात क्षार, रंग आणि वाढ रोखणारी द्रव्यंही भरपूर असतात, म्हणून नाजूक जिवाणू तिच्यात रमत नाहीत. आपल्या जिल्ह्यात ती बहुधा दारूकडेच जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह आहे. त्यातला लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, क्रमांक एनसीआयएम २३६५, घेऊन तिथल्या संशोधकांनी अतिनील किरणांनी त्याचे म्युटंट केले आणि त्यांतला यूसी-३ निवडला. २००८मध्ये त्यांनी उसाच्या मळीवरचे निकाल प्रसिद्ध केले. लिटरला १९० ग्रॅम साखर असलेल्या मळीतून १६६ ग्रॅम लॅक्टिक आम्ल, ताशी ४.१५ ग्रॅमच्या वेगाने. म्हणजे सुमारे ४० तासांत १०० भाग साखरेचे ८७ भाग आम्ल. घरच्या दह्यातला एक टक्का डोळ्यासमोर ठेवून हा आकडा वाचा. बाहेरचं एकही जनुक त्यात घातलेलं नव्हतं. एक दिवा आणि चिकाटीची निवड, एवढंच.

"मग हे जीएम नाही?" मामांनी विचारलं. बीटी कापसात दुसऱ्या जिवाणूचं जनुक आणून बसवलेलं आहे. इथे जिवाणूचाच मजकूर आहे, त्यातली काही अक्षरं बदललेली. सोनाकाला जीएम म्हणत असाल तरच याला म्हणा, असं मी सांगितलं.

या पद्धतीचा मोठा दोष म्हणजे ओझं. एका फेरीत मिळालेला वाण पुन्हा दिव्याखाली घालायचा, त्यातून आणखी चांगला निवडायचा, असं अनेक फेऱ्या करत जातात. प्रत्येक फेरीत हव्या बदलासोबत नको ते बदलही साचतात. दहाव्या फेरीपर्यंत आम्ल भरपूर देणारा, पण सावकाश वाढणारा, जरा ऊन वाढलं की मान टाकणारा वाण हाती येतो. जास्त पिकाच्या हव्यासात आपण शेतातही असे वाण पाहिलेत.

त्यावर दोन वाटा निघाल्या. एक, वेगवेगळे म्युटंट एकमेकांत मिसळणं. जिवाणूंची भिंत सोलून पेशी एकजीव केल्या की त्यांचे डीएनए आपसांत तुकडे बदलतात. २००२मध्ये लॅक्टोबॅसिलसवर हे करून पीएच ४ला मूळ वाणाच्या तिप्पट लॅक्टिक आम्ल देणारे वाण मिळाले. दुसरी वाट मला जास्त पटते. त्याच वर्षी जपानमधल्या संशोधकांनी लायसिन या अमिनो आम्लासाठी वर्षानुवर्षं सुधारत आणलेल्या कोरिनेबॅक्टेरियमचा मजकूर मूळ रानटी वाणाशी ताडून पाहिला, त्यातले कामाचे वाटणारे ३ बदल उचलले आणि ते तेवढेच रानटी वाणात बसवले. तो धडधाकट रानटी वाण लिटरला ८० ग्रॅम लायसिन देऊ लागला. इतक्या फेऱ्यांत जमलेल्या गर्दीतले ३ बदल! पण ते ३ कुठले हे शोधायला आधी कुणीतरी वर्षानुवर्षं थाळ्या धरून बसलेलं होतं.

शेवटची परीक्षा टिकाऊपणाची. नवा वाण मिळाला म्हणून लगेच टाकीत घालायचा नसतो. रोज थोडा काढून ताज्या माध्यमात, असं वीस-पंचवीस वेळा फिरवायचा आणि दर पाचव्या वेळी आम्ल मोजायचं. जास्त आम्ल देणं हा जिवाणूच्या दृष्टीने तोटाच असतो, त्यामुळे एखादी पेशी उलट बदलून जुन्या वळणावर गेली तर तीच भराभर वाढते आणि महिन्याभरात सगळी नळी तिची होते. पाचव्या फेरीला चमकणारे किती वाण पंधराव्याला मातीमोल झालेले मी पाहिलेत. टिकला, तर ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर त्याच्या पुष्कळ बाटल्या गोठवून ठेवायच्या आणि दर वेळी नवी बाटली उघडायची. विरजणातून विरजण लावत राहायचं नाही.

हे ऐकल्यावर मामा मला बागेच्या पश्चिमेच्या टोकाला घेऊन गेले. थॉम्पसनच्या एका वेलीवर, दुसऱ्या ओलांड्यावरच्या (आडव्या फांदीवरच्या) एका काडीला त्यांनी लाल नाडी बांधली होती. तिचे घड शेजारच्या काड्यांपेक्षा पाच-सहा दिवस आधी गोडीला आले होते. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणाले, एक वर्ष आणखी बघू. एप्रिलच्या खरड छाटणीत त्यांनी त्या काडीचे डोळे राखले, त्यातले चार खुंटांवर कलम करून भरले आणि उरलेले वेलीवरच फुटू दिले. ऑक्टोबर छाटणीनंतर मी पुन्हा जाऊन आले. भरलेल्या चारांपैकी तीन जगलेत. घड लागतील तेव्हा गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मी नेणार आहे.